कॅम्पसवर गर्भपातविरोधी फलक: थांबून बोलायचं की नाही?

रानपाखरू
मी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्स करत होते. मार्च २०२४ मध्ये लायब्ररीसमोरच्या हिरवळीवर एका प्रो-लाइफ गटाने माणसाच्या दुप्पट उंचीचे फलक उभे केले. गर्भपातानंतरच्या गर्भाचे रक्ताळलेले फोटो. पुढे टेबल, त्यावर गर्भाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती. स्वयंसेवक येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायचे, "माणसाला हक्क कधीपासून मिळतात?"

दुपारपर्यंत मुलांनी फरशीवर खडूने उत्तरं लिहिली. काहींनी चादरी धरून फोटो झाकले. एकाने पत्रकांचा गठ्ठा कचऱ्यात टाकला, तर भोवती टाळ्या पडल्या. मला ते पटलं नाही. माझ्या लॅबमधली एक मुलगी मात्र दीड तास उभी राहून वाद घालत होती. मला तीच बरोबर वाटली.

मला एका स्वयंसेविकेने विचारलं, "तुमच्या देशात मुलींना पोटातच मारतात ना?" मी गप्प बसले. हो म्हणावं तर तिला पुरावा मिळतो, नाही म्हणावं तर खोटं. तुम्ही काय म्हणाला असतात?

ओवी
दीड तास वाद घालायला मन शाबूत लागतं गं. माझा गर्भ चौदाव्या आठवड्यात गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी अशाच फलकांसमोरून मला वर्गात जावं लागलं. तुझ्याकडच्या चादरी धरणाऱ्या मुलांचे मी आभार मानेन.

आणि टेक्सासमध्ये ऑगस्ट २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. बलात्कारालाही अपवाद नाही. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. एवढं सगळं हातात असताना एकोणीस वर्षांच्या पोरीला वाटेत अडवून काय पटवून द्यायचं राहिलंय?

वसईकर
ओवीताई, वाचून फार वाईट वाटलं. त्या फोटोंना माझाही विरोध आहे. पण मी स्वतः अशा टेबलामागे उभा राहिलोय, ओहायोत, फोटोंशिवाय. आमच्याकडे डायपर होते, शिकणाऱ्या आयांसाठी मदतीची माहिती होती. तरी एकाने अंगावर कॉफी ओतली.

सगळं आमच्या हातात आहे म्हणता, पण ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ५७ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला. तिथे आम्ही हरलो. आता बोलायचंही नाही का? सोनोग्राफीत माझ्या लेकीच्या छातीतली धडधड मी पाहिली. ते कुणी नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

मुसाफिर
सरकारी विद्यापीठाला अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी, लागू होते, खासगीला नाही. त्यात टेक्सासने २०१९ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांतल्या मोकळ्या जागा बोलण्यासाठी सर्वांना खुल्या केल्या होत्या. पत्रकं फेकणारा चुकलाच. खडूवाले एकदम योग्य.

दवाखाना
रानपाखरू, मी नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तिला सरळ "हो" म्हणायचं आणि पुढचंही सांगायचं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यासाठी स्त्रीसंघटना झगडल्या, आणि त्यांनी सुरक्षित गर्भपाताची मागणी कधी सोडली नाही. सासरचे मुलगी नको म्हणून गर्भ पाडायला लावतात, तेव्हा बाईला कोण विचारतं? टेक्सासचा कायदा तरी कुठे विचारतो?

आपल्याकडे सगळं आलबेल नाही. लिंगनिदानाच्या केसमध्ये अडकू या भीतीने काही डॉक्टर कायद्यात बसणाऱ्या बाईलाही परत पाठवतात. अशा बायका माझ्याकडे उशिरा येतात, तेव्हा जीव तुटतो.

वसईकर
डॉक्टर, मुलगी म्हणून पाडलेला गर्भ तुम्हाला अन्याय वाटतो, दुसऱ्या कारणाने पाडलेला नाही. पोटातल्या जिवाच्या दृष्टीने फरक काय?

दवाखाना
अन्याय मी त्या बाईवर झालेला म्हणते, आणि जन्मलेल्या प्रत्येक मुलीवर. बारा आठवड्यांच्या गर्भाला मी तिच्या बरोबरीने धरत नाही. इथे आपलं जमणार नाही.

ओवी
वसईकर, बेळगावची सविता हलप्पनवार आठवते? आयर्लंडमध्ये गॉलवेला होती, सतरा आठवडे झाले होते. गर्भ वाचणार नव्हता, पण ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला. २८ ऑक्टोबर २०१२ ला ती जंतुसंसर्गाने गेली. तुमच्या टेबलावर तिचा फोटो ठेवाल?

वसईकर
ठेवेन. तिला वाचवायलाच हवं होतं. पण लेकीबद्दल जे लिहिलं, ते मागे घेत नाही.

रानपाखरू
ती स्वयंसेविका पुन्हा भेटली तर डॉक्टरांचं उत्तर देईन. आणि ओवी, मी त्या दिवशी चादर धरली नव्हती. आता वाटतं, धरायला हवी होती.