दहा हजारांत पुस्तकं घ्यायची आहेत: विज्ञानकथा की जादूच्या गोष्टी?

खडूफळा

आमची जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपर्यंत. माजी विद्यार्थ्यांनी वाचनालयासाठी दहा हजार रुपये दिलेत. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी यादी करायला बसलो आणि शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. सहकारी बाईंच्या यादीत राक्षस, वेताळ, जादूगार, उडते गालिचे. माझ्या यादीत विज्ञानकथा. माझं मत मांडतो, चुकत असेन तर खोडून काढा.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात सहावीतल्या एका मुलीला रात्री झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पापण्या उघडेनात, तेव्हा घरच्यांनी तिला भगताकडे नेलं. तिथे तीन तास गेले. मग जीप, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला, कृत्रिम श्वास. पोर वाचली. पण ते तीन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायदा झाला, भगत आहे तिथेच आहे. अशा गावात मंत्र म्हटला की मेलेला उठून बसतो, असली गोष्ट मी शाळेच्या पैशानं आणून ठेवू?

दहा ते चौदा हे 'असं का?' विचारण्याचं वय. विज्ञानकथा त्या प्रश्नाला खाद्य देते. जयंत नारळीकरांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. लेखक कोण हे न कळता परीक्षकांनी कथा जोखावी म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. ही वृत्ती मला माझ्या वर्गात हवी आहे, आणि ती राक्षसाच्या गोष्टीतून येत नाही.

निंबोणी

सर, मुलगी वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला. पण एक विचारते. तिला भगताकडे नेणाऱ्या घरात गोष्टीचं पुस्तक होतं का? मला वाटतं नसावं. भगतावरचा विश्वास पुस्तकातून आलेला नाही. दवाखाना लांब, रात्री गाडी नाही आणि भगत दोन घरं सोडून, यातून तो आला. त्याचा राग वेताळावर कशाला?

भातुकली खेळणारी पोर बघा. रिकाम्या वाटीतला चहा ती पाहुण्यांना देते, पाहुणेही भुरका मारतात. पण तहान लागली की तीच पोर उठून माठाकडे जाते. वाटीत चहा नाही हे तिला तुमच्या-माझ्याइतकंच पक्कं ठाऊक असतं. जादूची गोष्ट वाचतानाही मूल असंच आत-बाहेर करत असतं. अमेरिकन लेखिका उर्सुला ल गुइन यांनी १९७४ च्या सुमाराला एका निबंधात हेच मांडलं होतं: अद्भुतकथा घडलेली नसते, तरी ती खरी असते, आणि मुलांना हे कळतं. कळतं मोठ्यांनाही, म्हणूनच त्यांतले बरेच जण तिला घाबरतात.

मला भीती वाटते ती वेगळ्याच पुस्तकांची. 'आपल्या ऋषींनी विमानं बनवली होती' असं आकृत्यांसकट छापणाऱ्या. वैमानिकशास्त्र नावाच्या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष आला. तरी ती पुस्तकं आजही मुलांना बक्षीस म्हणून दिली जातात. गालिचा उडतो असं सांगणारं पुस्तक कुणाला फसवत नाही. हे फसवतं.

दुर्बीण

खडूफळा सरांना पूर्ण अनुमोदन.

निंबोणीताई, भातुकलीचं उदाहरण पाच वर्षांच्या पोरीला लागू. बाराव्या वर्षी प्रश्न बदलतो. जादूच्या गोष्टीत अडचण आली की लेखक नवा मंत्र काढतो. वाचणाऱ्यानं 'हे कसं झालं?' विचारायचं नसतं. विज्ञानकथेत लेखकाला एखादीच सूट मिळते. एक गोष्ट कल्पनेची घे, पुढचं सगळं नियमानं चालव. त्या कुंपणात राहून सुटका शोधायची असते, म्हणून तिथे डोकं चालतं.

हा वाद जुना आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सनं १९०१ च्या कादंबरीत माणसं चंद्रावर पाठवली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. त्याच्या आधी चंद्रप्रवासाची कादंबरी लिहिलेल्या फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नला ते मुळीच रुचलं नाही. त्याचं म्हणणं, मी माझी माणसं तोफेतून पाठवतो, तोफ जगात आहे. हा पदार्थ कुणी मला दाखवेल का? मी व्हर्नच्या बाजूचा आहे.

सांजवाचक

व्हर्नचंच घेऊ. भा. रा. भागवतांनी तो मराठीत आणला नसता तर माझं लहानपण निम्मं कोरडं गेलं असतं, तेव्हा हे प्रेमानं लिहितोय. त्याच्या तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे साधारण २७४ मीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. नववीचं सूत्र घाला: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून जास्त. म्हणजे तोफेला बत्ती दिल्याक्षणी आतले तिघंही प्रवासी गोळ्याच्या तळाला चिकटून संपले. चंद्र राहिला बाजूला.

ती तोफही मंत्रच आहे, दुर्बीण. लोखंडाचा आहे इतकंच. तरीही पुस्तक थोर आहे, कारण जाऊन बघायची हाव ते पेटवतं. त्यातलं गणित चुकलं म्हणून आपण ते मुलांच्या हातातून काढून घेत नाही.

आणि नारळीकरांची शीर्षकं आठवा: 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला'. फलज्योतिषाची जाहीर चाचणी घेणारा हा शास्त्रज्ञ. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या, हुशार मुलगा कोणता आणि मतिमंद कोणता ते ओळखा म्हणून. बरोबर उत्तरं ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. अशा माणसाला यंत्रमानवाचं नाव वामन ठेवावंसं वाटलं. तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्या बटूची गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या नावातच धोक्याची चाहूल लागते. पुराणकथा न वाचलेल्या मुलाला ती लागणार नाही. दुर्गा भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या नव्या विज्ञानकथेची आवर्जून दखल घेतली. लोककथांचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेली बाई ती. त्यांना दोन्हींत भांडण दिसलं नाही.

कैरी

+१ सांजवाचक.

दुर्बीण

सांजवाचक, तुमचं गणित माझ्याच बाजूचं आहे. व्हर्न चुकला हे तुम्ही नववीच्या सूत्रानं दाखवू शकलात, कारण त्यानं नळीची लांबी सांगितली होती. उडत्या गालिच्याची चूक दाखवून द्या बघू. चूक काढता येणं हीच तर विज्ञानकथेची देणगी.

पुस्तकपेटी

मी गेली अकरा वर्षं वाड्या-वस्त्यांवर पुस्तकांच्या पेट्या फिरवतो. काय चांगलं यावर तुम्ही बोला, मुलं काय वाचतात ते मी सांगतो.

चांदोबाचे जुने बांधीव अंक सगळ्यात आधी फाटतात. मासिक बंद पडून दहा वर्षं उलटून गेली, तरी त्या चिकटपट्टी लावलेल्या अंकांवरून भांडणं होतात. विज्ञानकथासंग्रह मात्र परत येतो तेव्हा पहिली चार पानं मळलेली आणि बाकीची कोरी. सुरुवातीला मलाही वाटायचं, मुलांना विज्ञान नको असतं. मग एका सातवीतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काका, ह्यात सगळे सर आहेत."

मी घरी येऊन ती पुस्तकं पुन्हा चाळली. पोरगं बरोबर बोललं होतं. नायक चाळिशीतला शास्त्रज्ञ, परिषदेला जिनिव्हाला निघालेला. त्याचा मित्र त्याला विचारतो, म्हणजे नेमकं काय? आणि पुढची दोन पानं तासाला बसल्यासारखी. मराठी विज्ञानकथा मोठ्यांसाठी लिहिली गेली, मोठ्यांसाठी ती चांगलीही आहे, आणि आपण ती 'ज्ञान मिळेल' म्हणून मुलांच्या पेटीत टाकली. फास्टर फेणे अजून चालतो, कारण तो फुरसुंगीचा, सायकलवरचा, त्यांच्या वयाचा पोरगा आहे. त्याला मोठे लोक आधी गप्प बस म्हणतात आणि मग तोच खरा ठरतो. असा पोरगा, किंवा पोरगी, अंतराळात पाठवलेली मला मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडते.

दुर्बीण, वेताळाबद्दल एक. 'विचारायचं नसतं' म्हणालात, पण विक्रम-वेताळाच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्नच असतो. न्याय कुणाच्या बाजूचा? आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. पारावर मी तिथे पुस्तक मिटतो. राजाचं उत्तर वाचायच्या आधी पोरं अर्धा तास वाद घालतात. भूत प्रेतात शिरून बोलतंय याची त्यांना तोवर आठवणही नसते.

परदेशी चिमणी

मी न्यू जर्सीत राहते, रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. माझा मुलगा बारा वर्षांचा. इंग्रजीत तो सातशे पानांची जादूगारांची पुस्तकं वाचतो. मराठीत त्याच्या हाती द्यायला माझ्याकडे एक तर ससा-कासव, नाहीतर एकदम मोठ्यांचं.

गेल्या सुट्टीत 'हॅरी पॉटर आणि परीस' आणलं. गोष्ट पाठ होती म्हणून अडखळत का होईना वाचत गेला. 'परीस' शब्दावर अडला. व्हिडिओ कॉलवर आजीला विचारलं. तिनं हॅरी पॉटरचं नावही ऐकलेलं नाही, पण परीस म्हटल्यावर ती तासभर बोलत होती. लोखंडाचं सोनं, अभंगातला परीस, तिच्या आईनं सांगितलेली गोष्ट. त्या दोघांत इतकं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. कृष्णविवराचं पुस्तकही मी आणीन, पण हा पूल आधी जादूच्या गोष्टीनं बांधला, हे मला सांगायचंच होतं.

दुर्बीण

चिमणीताई, वाचून छान वाटलं. पण माझा मोठा आक्षेप अजून मी मांडलेलाच नाही. या जादूच्या कादंबऱ्यांत नायक बहुतेक जन्मानं थोर असतो. कपाळावर खूण, भाकीत, राजाचं हरवलेलं रक्त. बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचं. कोण कुणाच्या पोटी आला यावर जिथे पाणवठे वेगळे होते, तिथे मुलांना पुन्हा 'तू निवडलेला आहेस की नाहीस' हे शिकवायचं? प्रयोगशाळेत तापमापी कुणाचं आडनाव विचारत नाही. वाडीतल्या मुलीला मला हे सांगायचंय, आणि विज्ञानकथा ते सांगते.

निंबोणी

हा मुद्दा मला लागला. याचं उत्तर माझ्याकडे पुरतं नाही. चिमणीताईंनी सांगितलेल्या मालिकेत शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणारेच खलनायक आहेत, आणि सगळ्यात हुशार मुलीचे आईवडील दातांचे साधे डॉक्टर आहेत, जादूशी संबंध नसलेले. पण नायकाच्या कपाळावर खूण आहेच, हे मी नाकारत नाही.

एवढं मात्र म्हणेन, आपल्या लोककथा तशा नाहीत. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' मधल्या म्हातारीला कुणी निवडलेलं नसतं. लेकीकडे जाऊन जाड होऊन येते आणि वाघाला चकवते. विंदा करंदीकरांच्या बालकवितांतला एटू लोकांचा देशही अद्भुतच. रक्ताची गोष्ट नको असेल तर यादीतून ती काढा, सगळं अद्भुत कशाला काढता?

खडूफळा

दोन दिवस सगळं वाचतोय. पुस्तकपेटीदादांचं 'ह्यात सगळे सर आहेत' मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण माझी यादी मी सर म्हणूनच केली होती.

ती मुलगी आता आठवीत आहे. काल मधल्या सुट्टीत तिला विचारलं, पुस्तकं येणार आहेत, तुला कोणतं हवं? वाटलं होतं सापांचं मागेल, नाहीतर डॉक्टरांचं. म्हणाली, "सर, जाड पाहिजे. चार दिवस पुरेल असं." कशाबद्दलचं, विचारलं तर खांदे उडवले.

यादी बदलली आहे. वेताळ घेतोय, बाईंच्या यादीतले उडते गालिचेही घेतोय. व्हर्न घेतोय, आणि तोफेचं गणित सूत्र देऊन आठवीच्या फळ्यावर करणार आहे. 'सत्य घटनेवर आधारित' भुतांची आणि ऋषींच्या विमानांची पुस्तकं दाराबाहेर, यावर बाईंचं आणि माझं पहिल्यांदाच एकमत झालं. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं संगणकावर फुकट ठेवलेत, त्यातल्या निवडक गोष्टी छापून भिंतीवर लावू.

मंत्रानं मेलेला उठतो अशी गोष्ट मात्र मी अजूनही आणणार नाही. निंबोणीताई, तुमचं म्हणणं बरोबर असेल. माझ्याच्यानं होणार नाही.

साडेतीन हजार उरलेत. बारा-तेरा वर्षांची मुलगी मुख्य असलेलं, मूळ मराठीत लिहिलेलं, विज्ञानाचं किंवा जादूचं, दीडशे पानांच्या वरचं पुस्तक कुणाला माहीत असेल तर नाव कळवा. शुक्रवारी मागणी पाठवायची आहे.

पुस्तकपेटी

सर, एवढ्या अटींत बसणारं माझ्या पेटीत एकही नाही. आज रात्री कपाट पुन्हा बघतो.

दुर्बीण

दीडशे पानांची अट काढलीत तर दोन नावं सुचतात. पण जाड हवं म्हणाली ना ती. थांबा, विचारून सांगतो.