मदत हवी आहे: जिल्हा न्यायाधीश कायदा रद्द करू शकतो का? (अर्जंट)

पाटीपेन्सिल:
कुणी वकील असेल तर पटकन सांगा, शनिवारी वाचनालयात बोलायचंय आणि एका वाक्यावर गाडी अडलीय. मी लिहिलंय "जिल्हा न्यायाधीशांनी बसमधल्या वेगळ्या जागांचा कायदा घटनाबाह्य ठरवला". मामा म्हणतात खोड ते, जिल्हा न्यायाधीशाला असा अधिकारच नसतो. मामा 30 वर्षं कोर्टात शिरस्तेदार होते त्यामुळे त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. पण पुस्तकात स्पष्ट डिस्ट्रिक्ट जज लिहिलंय. कोण बरोबर?

कोर्टाचीपायरी:
मामा बरोबर. ते काम हायकोर्ट नाहीतर सुप्रीम कोर्टाचं. खालच्या कोर्टात कायद्याच्या वैधतेचा मुद्दा आला तर सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम 113 खाली हायकोर्टाकडे पाठवतात. कुठली बस, एसटी का? केस नंबर द्या.

नेहमीचाप्रवासी:
राखीव सीटवरून कुणी उठत नसेल तर आधी कंडक्टरला सांगायचं, तो ऐकत नसेल तर डेपोत जाऊन तक्रारवही मागायची, मी दोनदा मागितलीय. तारीख, वेळ आणि गाडी नंबर लिहायला विसरू नका.

पाटीपेन्सिल:
अहो एसटी नाही!! अमेरिका, अलाबामा, 1956, न्या. फ्रँक जॉन्सन. माँटगोमेरीत बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवायचे, म्हणून काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला, त्यावर बोलायचंय, ते लिहायचं राहिलं.

अटलांटाकर:
हे आधी सांगायचं ना ताई. मग तुमचं वाक्यही अर्धवट आणि मामांचं म्हणणंही इथे लागू नाही. अमेरिकेत दोन वेगळ्या कोर्टांच्या उतरंडी आहेत, राज्याची वेगळी, केंद्राची म्हणजे फेडरल वेगळी. जॉन्सन फेडरलचे. 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नाही, अख्ख्या अलाबामाचे मिळून तीनच डिस्ट्रिक्ट आहेत, उत्तर, मध्य, दक्षिण. जॉन्सन मध्यचे, माँटगोमेरीत बसायचे. राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेट मंजुरी देते, मग नेमणूक आयुष्यभराची, महाभियोगाशिवाय काढता येत नाही आणि पगारही कमी करता येत नाही. साक्षीपुरावे तिथेच होतात म्हणून ट्रायल जज, पण अमेरिकेच्या घटनेविरुद्ध जाणारा राज्याचा कायदाही तो बाजूला ठेवू शकतो.

कोर्टाचीपायरी:
मान्य, पण 1956 ला एकट्या जजने केलं नसणार. राज्याच्या कायद्याला मनाई करायची तर तेव्हा तीन जजचं बेंच लागायचं आणि अपील थेट सुप्रीम कोर्टात.

अटलांटाकर:
बरोबर, तिघं होते. जॉन्सन आणि वरच्या अपील कोर्टाचे रिचर्ड राइव्ह्ज एका बाजूला, सेबर्न लिन विरोधात. 2 विरुद्ध 1, जून 1956. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने हा निकाल कायम केला आणि 381 दिवसांचा बहिष्कार डिसेंबरात संपला.

सदाफुली:
रोझा पार्क्सची केस ना? आम्हाला धडा होता.

अटलांटाकर:
सगळे तिथेच चुकतात. गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडली नाही म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली 1 डिसेंबर 1955 ला, पण या दाव्यात त्या वादी नाहीत. 'ब्राउडर विरुद्ध गेल'. ऑरेलिया ब्राउडर आणि इतर बायका, त्यात क्लॉडेट कॉल्व्हिन, जिला मार्च 1955 मध्ये सीट सोडली नाही म्हणून पकडलं तेव्हा ती 15 वर्षांची होती. तिने कोर्टात साक्ष दिली. ताई, भाषणात हिचं नाव घ्याच, माझी कळकळीची विनंती आहे.

इतिहासवेडा:
आपल्याकडे रामशास्त्री प्रभुणे. राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. व्याख्यानाची सुरुवात त्यांच्यापासूनच करा, टाळ्या पडतील.

कोर्टाचीपायरी:
काहीही काय. रामशास्त्री पेशव्यांचे न्यायाधीश, इथे लिखित घटना आणि केंद्र-राज्य हा मुद्दा आहे. तुलना ओढूनताणून होईल.

इतिहासवेडा:
स्वतःच्या माणसांविरुद्ध उभं राहणं हा मुद्दा आहे, घटना नंतर.

पाटीपेन्सिल:
भांडू नका प्लीज, माझ्याकडे दोन दिवस आहेत. हा माणूस नक्की कुठला होता ते सांगा, बाहेरून पाठवलेला का?

अटलांटाकर:
छे, तिथलाच. जन्म 1918, अलाबामाच्याच विन्स्टन काउंटीतला. यादवी युद्धात दक्षिणेबरोबर फुटायला या काउंटीचा विरोध होता, तो वारसा घेऊन वाढलेला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेला. आयझेनहॉवरनी 1955 च्या शेवटी नेमलं, वय 37, आणि खुर्चीत बसून महिनाही होत नाही तोच माँटगोमेरी पेटलं. मी दोन वर्षांपूर्वी तिथलं कोर्ट बघून आलो, आता इमारतीला त्यांचंच नाव आहे. बाहेर बराच वेळ उभा होतो, कारण याच गावात त्यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रॉस जाळला होता, 1967 मध्ये आईच्या घरावर बॉम्ब टाकला, त्या घरातच होत्या, नशिबाने वाचल्या. घराला बरीच वर्षं मार्शलचा, म्हणजे केंद्रीय पोलिसांचा, पहारा होता. आणि तरी हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी कोर्टात. काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा 1965 चा सेल्मा मोर्चाही त्यांच्याच आदेशाने निघाला. अन्याय जेवढा मोठा तेवढी निषेधाची मोकळीक मोठी, हे त्या आदेशाचं सूत्र, पण दोन पदरी रस्त्यावर 300 च माणसं चालतील अशी अटही त्यातच घातली.

कोर्टाचीपायरी:
मला यातलं 1972 चं वायट प्रकरण सगळ्यात मोठं वाटतं. सरकारी मनोरुग्णालयात माणसं नुसती कोंडून ठेवली होती. जॉन्सन म्हणाले, मर्जीविरुद्ध डांबलंय तर उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि रुग्णामागे किती कर्मचारी, किती जागा, सगळं आदेशात लिहून दिलं. ताई, बसपेक्षा यावर बोला.

पाटीपेन्सिल:
विषय बसचाच ठरलाय, फलक रंगवून झालाय.

अटलांटाकर:
मग मामांसाठी एकच किस्सा घ्या. जॉर्ज वॉलेस, पुढे गव्हर्नर झाला तो, लॉ कॉलेजात जॉन्सनच्याच वर्गात. 1959 ला तो राज्याच्या कोर्टात जज होता आणि मतदार नोंदणीचं रेकॉर्ड केंद्राच्या नागरी हक्क आयोगाला देईना. जॉन्सननी आदेश काढला, दे नाहीतर कोर्टाचा अवमान. हा रात्री त्यांच्या घरी गेला मार्ग काढायला. म्हणजे राज्याच्या जजलाही फेडरल जज आदेश देतो, मामांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

पाटीपेन्सिल:
मामांना सगळं वाचून दाखवलं. चष्मा काढून ऐकत होते. वाक्य आता असं केलंय: "अलाबामातल्या केंद्रीय न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने, त्यातल्या दोघांच्या मताने". मामांनी स्वतः पेनाने 'जिल्हा' खोडलं. पण ते विचारतायत, रेकॉर्ड शेवटी कुणाच्या ताब्यात गेलं?

अटलांटाकर:
वॉलेसने थेट दिलं नाही, स्थानिक ग्रँड ज्युरीकडे (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) सोपवलं आणि ज्युरीने आयोगाला दाखवलं. जॉन्सननी अवमानातून सोडलं, पण आडमार्गाने का होईना आदेश पाळलाय असं निकालात लिहून.

नेहमीचाप्रवासी:
वाचनालय कुठलं आणि किती वाजता?