प्रभूने क्षमा केली, पण ज्याचं घेतलं त्याचं काय?

नगरकर
आमच्या मंडळीच्या, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चच्या, ग्रुपवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. मजकूर असा: 'प्रभूने तुझं सगळं पाप वधस्तंभावर फेडलं. आता मनात अपराधीपणा उरला असेल तर तो सैतानाचा आवाज समज. मागे पाहू नकोस. तू कुणाचं काही देणं लागत नाहीस.' खाली बायबलमधलं यशया 43:25, म्हणजे देव तुझे अपराध पुसून टाकतो आणि तुझी पापं आठवत नाही, हे वचन. पहिल्या वाक्याला माझं आमेन. शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

देवाचं देणं फिटलं म्हणजे माणसाचंही फिटलं, हे प्रभूने कुठे सांगितलं? मत्तय 5:23-24 उघडा. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने नुसती साक्ष दिली का? अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असं तो उभं राहून बोलला.

माझ्या आईकडून तिच्या सख्ख्या भावाने हक्कसोड पत्रावर सही घेतली, बँकेचा कागद आहे म्हणून. त्याच माणसाने पुढे उपासनेत साक्ष दिली की प्रभूने मला सगळ्यातून मोकळं केलं, आता रात्री शांत झोप लागते. आई तिथेच बसली होती. लोक हालेलुया म्हणाले. तिला झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही.

कृपापात्र
नगरकर, तुमच्या आईवर अन्याय झाला हे मान्य. पण त्यासाठी कृपेचं शिक्षणच मोडीत काढू नका. जक्कयाची गोष्ट नीट वाचा. प्रभू म्हणाला, 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.' तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केला नव्हता. कृपा आधी आली, चौपट नंतर. तुम्ही क्रम उलटा करताय. परतफेड करेपर्यंत क्षमा नाही म्हटलं की आपण पुन्हा मोशेच्या नियमशास्त्राखाली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी, सगळं शास्त्र समजत होतं. तरी ख्रिस्त खऱ्या अर्थाने भेटला तो सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. धर्म मिळाला होता, ओझं उतरलं नव्हतं. ते उतरलं ते स्वतःच्या कर्तबगारीने नाही. आणि नंतर केडगावला त्यांनी किती काम उभं केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मोकळा झालेला माणूसच दुसऱ्यासाठी काही करू शकतो.

नगरकर
क्रम मला मान्य आहे. माझा मामा पहिल्या पायरीवरच थांबला आणि तुमची पोस्ट त्याला सांगते की पायरी एकच आहे.

कुपारी
आम्ही वसईचे कॅथलिक. हे सगळं वाचून एवढंच म्हणेन की तुम्ही लोकांनी पापनिवेदन काढून टाकलंत, त्याचं हे फळ. आमच्याकडे फादरांपुढे गुडघे टेकून बोलावं लागतं. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करावं लागतं, हे आमच्या धर्मशिक्षणात स्पष्ट आहे. परत देण्याची तयारीच नसेल तर तो पश्चात्ताप खरा नाही आणि फादर पापमोचन, म्हणजे देवाच्या नावाने क्षमा, देणार नाहीत. तुमच्या मामाला कुणी थेट तोंडावर 'सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लाव, मग ये' म्हणालं असतं तर?

कृपापात्र
देव आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ एकच आहे, 1 तीमथ्य 2:5. फादरला कुणी नेमलं? आणि पापक्षमेचा हिशेब मानवाच्या हाती दिला की काय होतं ते 1517 साली जगाने पाहिलं. टेट्झेल नावाचा धर्मगुरू गावोगाव क्षमापत्रं, म्हणजे पापाची शिक्षा माफ करणारे कागद, विकत होता. मार्टिन लूथरने त्याविरुद्ध 95 मुद्दे उगाच मांडले नाहीत.

कुपारी
पाचशे वर्षांपूर्वीचा टेट्झेल आणून आमच्या तोंडावर मारायची सवय कधी जाणार? पैसे घेऊन क्षमापत्रं विकणं आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनंतर 1567 साली आमच्याच पोपनी बंद केलं. आणि लूथरने पापनिवेदन काढून टाकलं हे कुणी सांगितलं तुम्हाला? लूथरच्या अनुयायांच्या 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात अकरावं कलम आहे, खासगी पापमोचन मंडळ्यांमध्ये चालू ठेवावं असं. ते तुमच्याच बाजूचं लिखाण.

कृपापात्र
ते लूथरन. आम्ही लूथरन नाही.

कुपारी
मग लूथरचं नावही घेऊ नका.

निशिगंध
कुपारीदादा, मीही वसईचीच, कॅथलिकच. नाताळ आणि ईस्टरच्या आधी पापनिवेदनाची रांग बघितली आहे ना? बाहेर गावातून आलेले तीन फादर, शे-दीडशे माणसं, प्रत्येकाला जेमतेम दोन मिनिटं. 'तीन वेळा नमो मरिया म्हण.' जमीन कुणाची, सही कुणाची, हे कोण विचारतो? लहानपणापासून मी तीच पापं तशीच म्हणते: खोटं बोलले, राग केला, मिस्सा चुकवली. नियम कागदावर सुंदर आहे, पण तो पाळायला वेळ लागतो आणि तो वेळ आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कुणी देत नाही.

कुपारी
रांग मोठी असेल तर वर्षातून एकदाच जाणाऱ्यांची चूक. एरवी कोण जातं? फादर बसलेले असतात, कुणी फिरकत नाही.
पण हो, दोन मिनिटांत सातबारा निघत नाही. एवढं घ्या.

वाटसरू
मी ख्रिस्ती नाही, पण विषय वाचतोय. मला हा हिशेबच पटत नाही. आमच्याकडे केलेलं फेडावं लागतं, कुणाच्या रक्ताने ते धुतलं जात नाही. 'अमेझिंग ग्रेस' हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन तुम्ही सगळे मानता. गुलामांच्या जहाजावरचा माणूस. 1748 साली वादळात देवाला हाक मारली, तुमच्या भाषेत तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळालं. त्यानंतर काय केलं? कप्तान होऊन 1754 पर्यंत गुलामच वाहिले. थांबला तो तब्येत बिघडल्यामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापली 1788 साली. मधली चाळीस वर्षं त्याचा देव त्याला काय सांगत होता?

कृपापात्र
तुमच्याकडेही गंगेत डुबकी मारून पाप धुतलं जातंच की. तो मुद्दा सोडा. न्यूटन एका रात्रीत बदलला असं कुणीच म्हणत नाही, त्यानेही म्हटलं नाही. पण 1788 मध्ये स्वतःच्या नावाने, स्वतः काय केलं ते छापायचं धाडस कुठून आलं? ज्याला अजून शिक्षेची भीती वाटते तो असं लिहीत नाही, लपवतो.

वाटसरू
धाडस होतं, मान्य. पण ज्यांना त्याने साखळदंडात बांधून नेलं त्यांच्यापैकी कुणालाही ते वाचायला मिळालं नाही.

बोरीचा मळा
इतके दिवस नुसती वाचत होते. आज राहवलं नाही.
तुम्ही सगळे फसवणाऱ्यांबद्दल बोलताय. माझी आई कुणाला फसवायला गेली नव्हती. ती शेतात खुरपत होती आणि माझा धाकटा भाऊ विहिरीत पडला. कठडा नव्हता. त्यानंतर तिने प्रभुभोजन घ्यायचं सोडलं. उपासनेला यायची, भाकर-द्राक्षारसाची वेळ आली की बाहेर पायरीवर जाऊन बसायची. मी योग्य नाही, एवढंच म्हणायची. वडील कधी एका शब्दाने बोलले नाहीत, तेच तिला जास्त लागायचं. शेवटी एका म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी तिला घरी येऊन सांगितलं, 'बाई, देव तुला दोष देत नाही, तूच देतेस.' त्यांनी वाचलेलं वचन यशया 43:25 च होतं. पुढच्या महिन्यात ती भाकर घ्यायला पुढे गेली.
आता सांगा नगरकर, तिने कुणाला चौपट द्यायचं होतं? ज्याला द्यायचं तो पोरगा मातीत आहे. तुमच्या मामावरच्या रागात तुम्ही अशा बायकांच्या हातातलं वचन काढून घेताय.

नगरकर
ताई, ते वचन मी कुणाच्याही हातून काढून घेणार नाही. तुमच्या आईने पाप केलंच नव्हतं. तिचं दुःख होतं आणि ती त्याला पाप समजत होती. अशा माणसाला 'मागे पाहू नकोस' म्हणणं अगदी योग्य. लूथरही मठात असताना तासन्‌तास आपल्या वरिष्ठापुढे, श्टाउपिट्झपुढे, बारीकसारीक पापं सांगत बसायचा, अशा जिवाला कृपेचीच गरज. पण तीच पोस्ट माझ्या मामाच्या मोबाइलवरही जाते, ताई. तिला जे औषध लागतं ते त्याला विष आहे.

कृपापात्र
स्पष्ट बोलतो, रागावू नका. तुम्हाला जमीन हवी आहे, म्हणून मामाचं तारण खोटं ठरवताय. क्षमा करायची आज्ञा तुम्हालाही आहे. ओडिशातल्या मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांनी 1999 मध्ये नवरा आणि दोन्ही मुलगे जाळले गेल्यावर क्षमा केली. तुमचं तर शेतच गेलंय.

नगरकर
जमीन विकून तिथे इमारत उभी राहिलीये, ती मला मिळणार नाही आणि मी दावाही लावलेला नाही. आई वारली. तिला एवढंच ऐकायचं होतं की 'ताई, मी तुला फसवलं.' एक वाक्य. त्याला पैसाही लागत नव्हता.
आणि ग्लॅडिसबाईंचं नाव असं वापरू नका. त्यांनी क्षमा केली म्हणून खटला थांबला का? 2003 मध्ये मुख्य आरोपी दारासिंगला फाशी सुनावली, 2005 मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच कायम ठेवली. क्षमा त्यांनी स्वतःहून दिली, मंडळीतल्या कुणी त्यांच्या गळ्यात मारली नाही.

निशिगंध
हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याने प्रार्थनासभेत रडून क्षमा मागितली की सगळे बायकोकडे बघतात, आता तू माफ कर म्हणून. माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं. तो सभेतून मोकळा होऊन घरी यायचा.
सिस्टर राणी मारिया यांचं उदाहरण मला जास्त खरं वाटतं. 1995 मध्ये समंदर सिंगने इंदूरजवळ त्यांना बसमधून ओढून मारलं. 2002 मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या. 2006 मध्ये तो सुटला. आणि तो 'मला देवाने क्षमा केली' म्हणत निघून गेला नाही, त्या कुटुंबाला भेटत राहिला, त्यांच्या कबरीवर जात राहिला.

कृपापात्र
हे उदाहरण मला माहीत नव्हतं. चांगलं आहे. तरी सांगतो, तो कबरीवर गेला म्हणून देवाने क्षमा केली नाही.

नगरकर
तसं कुणीच म्हणालं नाही. क्षमा झाली म्हणून त्याचे पाय तिकडे वळले. पोस्टमधलं शेवटचं वाक्य काढून फिरवा, मीही पुढे पाठवतो.

कृपापात्र
'कुणाचं काही देणं लागत नाहीस' ऐवजी 'देवाचं' करतो. 'मागे पाहू नकोस' मात्र राहील.

बोरीचा मळा
राहू द्या. माझ्या आईसारख्या आणखी बायका आहेत.