मदत हवी आहे: नाशिकहून किन्नौरला राहायला जातोय

नमस्कार मंडळी, नवऱ्याची बदली हिमाचलमध्ये किन्नौर जिल्ह्यातल्या रिकाँग पिओला झालीय, कमीत कमी ३ वर्षं. ऑक्टोबरमध्ये निघायचंय, म्हणजे थेट थंडीच्या तोंडावरच. इथं कोणी त्या भागात राहिलंय का?

मुख्य काळजी सासूबाईंची, त्यांना दमा आहे आणि गाव साधारण २३०० मीटरवर, डॉक्टर हो म्हणाले पण रात्री-अपरात्री त्रास झाला आणि दरड कोसळून सतलजच्या काठचा रस्ता बंद असला तर सिमला सव्वादोनशे किमीच्या पुढे, मग तिथले लोक काय करतात? घरी ऑक्सिजन मशीन ठेवावं का, आणि लाईट गेली तर ते इन्व्हर्टरवर चालतं का?

दुसरं म्हणजे घर. तिकडे घर गरम ठेवायला लाकडाचा तंदूर पेटवतात म्हणे, पण धुराचं दम्याला कसं जमणार? हीटरवर भागतं का? नळ गोठतात तेव्हा पाणी कुठून भरता?

शाळेची मोठी सुट्टी तिकडे उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात असते एवढं कळलंय, मधेच ॲडमिशन मिळते का? जमीन घ्यायचा विचार नाहीच, हिमाचलच्या जमीन कायद्यातल्या कलम ११८ मुळे बाहेरच्यांना परवानगीशिवाय घेता येत नाही.

आणि ज्वारीचं पीठ मिळतं का हो तिकडे? सासूबाईंना भाकरीशिवाय जेवण जात नाही.