वस्तीत शिकवत, मानधन घेत शिक्षक-प्रशिक्षण : पुढे उपयोग होतो का?

इंदूरकर_पालक
माझी मुलगी बी.एस्सी. झाली असून तिला शिक्षिका व्हायचे आहे. येथील एका संस्थेने तिला वर्षभराचे प्रशिक्षण देऊ केले आहे. सकाळी वस्तीतील मुलांना शिकवायचे, दुपारी अध्यापनाचे धडे घ्यायचे आणि दरमहा मानधन मिळायचे, असे त्याचे स्वरूप आहे. या प्रमाणपत्रावर पुढे सरकारी शाळेत नोकरी मिळू शकते का?

निवृत्त_मुख्याध्यापक
केवळ त्यावर मिळणार नाही. शिक्षणहक्काच्या 2009च्या कायद्याखाली शिक्षकाची किमान पात्रता एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, ठरवते. तिची मान्यता असलेली पदविका किंवा पदवी हाती नसेल, तर प्रशिक्षण कितीही उत्तम असले तरी भरतीत ते धरले जात नाही. पहिली ते पाचवीसाठी दोन वर्षांचे डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, लागते. बी.एड. करून प्राथमिकला लागता येते असे पुष्कळांना अजूनही वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023मध्ये ती वाट बंद केली. सहावीपासून पुढे बी.एड. चालते. शिवाय मध्य प्रदेशाची पात्रता परीक्षा, म्हणजे आपल्याकडे जिला प्राथमिकसाठी वर्ग तीन आणि सहावी ते आठवीसाठी वर्ग दोन म्हणतात ती, द्यावी लागतेच. म्हणून मुलीला कोणत्या इयत्ता शिकवायच्या आहेत, हे आधी ठरवावे.

वस्तीवरची_ताई
सरांचे म्हणणे बरोबर आहे, तरी ते वर्ष वाया जाते असे मात्र समजू नये. मी असे प्रशिक्षण घेऊन मग बी.एड. केले. झाबुआ-अलीराजपूरकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतील मुले घरी भिली बोलतात, पुस्तक हिंदीत असते आणि शिकवणारी आपण मराठी घरातली; त्यात होळीआधीच्या भगोरिया या भिल्लांच्या सणाच्या सुमारास गावी गेलेली मुले कित्येक दिवस फिरकत नाहीत. अशा वर्गात वयाऐवजी वाचनाच्या पातळीनुसार गट पाडणे किती आवश्यक आहे, हे बी.एड.च्या वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवात मला इतके उमगले नसते. मानधनाचा आकडा विचारताना मध्येच सोडल्यास ते परत मागतात का, मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात का, हेही लेखी घ्यावे. गुणपत्रिका मागत असतील, तर मी मुलीला तेथे पाठवणार नाही.

इंदूरकर_पालक
आभारी आहे. डी.एल.एड. सोबतच करता येईल का?

निवृत्त_मुख्याध्यापक
नाही. त्यात वर्गाची 80 टक्के आणि शाळेतील सरावाची 90 टक्के हजेरी सक्तीची असते. हजेरीची अट नाही असे सांगणारे महाविद्यालय भेटले, तर तेथे पैसे भरू नयेत.