कोजागिरीचं दूध: साखर, गूळ की गोळ्या?

सी-१०१ काका (खजिनदार): कोजागिरीला गच्चीवर ४० माणसांचं मसाला दूध. गेल्या वर्षी शुगरवाली मंडळी नुसती बसून राहिली, बरं वाटलं नाही. यंदा सगळ्या दुधात साखरेऐवजी गूळच घालूया का? आपला कोल्हापुरी गूळ, नैसर्गिक.

ए-२०३ आजी: उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटतंय रे बाळा. खाली उतरवून, जरा निवल्यावर घालायचा.

ए-४०२ दादा: गूळ अंगाला चांगला की. गावाकडं आमचं गुऱ्हाळ होतं, काकवी-भाकरी खाऊन मोठे झालो. लोह असतंय त्यात.

बी-३०२ वहिनी: दादा, गुळाचा मान कबूल. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हालाही आनंद झाला होता. पण शुगरवाल्यांसाठी गूळ म्हणजे साखरच. उसाचाच रस आटवलेला, त्यात बहुतेक सुक्रोज, म्हणजे आपली साखरच. चमचाभर गुळातून लोह कितीसं मिळणार? मधाचंही तसंच. आमच्या सासऱ्यांनी साखर सोडली आणि 'नैसर्गिक' म्हणून चहात गूळ दीडपट घालायला लागले. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, वाढूनच आली.

ए-४०२ दादा: मग त्या बिनसाखरेच्या गोड गोळ्या टाकायच्या? त्यानं कॅन्सर होतोय म्हणे, मेसेज आलाय.

बी-३०२ वहिनी: तो मेसेज अ‍ॅस्पार्टेमचा, काही गोड गोळ्यांत असतं ते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला '२बी' गटात घातलं, म्हणजे शक्यता आहे पण पुरावा अपुरा. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम झाले. चहातल्या एक-दोन गोळ्या त्याच्या आसपासही जात नाहीत. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असेल तर मात्र अजिबात नको. आणि दुधात उकळू नका, उष्णतेनं त्याची गोडी जाते.

ए-५०१ ताई: त्यापेक्षा स्टीव्हिया आणूया. झाडाचं पान आहे, केमिकलची भीती नाही.

बी-३०२ वहिनी: ताई, पान खरंच आहे, मूळचं पॅराग्वेकडचं. पण पाकिटात येतो तो पानातून काढून शुद्ध केलेला अर्क, साखरेच्या २०० ते ३०० पट गोड. चिमटीनं घेता यावा म्हणून बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासूनची पूड मिसळतात, ती रक्तात साखरच होते. पाकिटाची मागची बाजू वाचूनच घ्या. आणि मे २०२३ मध्ये त्याच संघटनेनं वजन कमी करायला गोडव्याचे पर्याय वापरू नका असं सांगितलं, तेव्हा सॅकरिन, सुक्रालोजच्या यादीत स्टीव्हियाही होतं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी मात्र तो सल्ला नव्हता.

सी-१०१ काका: मग करायचं काय वहिनी?

बी-३०२ वहिनी: एक पातेलं बिनसाखरेचं. केशर, वेलची, जायफळ जरा सढळ हातानं घाला, निम्मी गोडी वासानंच येते. ज्याला हवं त्यानं आपल्या कपात सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घालावं. कप लहान ठेवा. १०० मिली दुधात मुळातच ५ ग्रॅमच्या आसपास दुधाची साखर असते, ती कुठं जात नाही.

ए-२०३ आजी: मला चालेल. जायफळ मी उगाळून देते.

सी-१०१ काका: ठरलं. दोन पातेली. साध्या साखरेचं खाली माझ्या घरी करतो, म्हणजे गच्चीवर साखर आणायलाच नको.

बी-३०२ वहिनी: नाही काका, साखरेचा डबा वर पाहिजेच, तोही शुगरवाल्यांसाठी. श्रावणात एका पहाटे सासऱ्यांच्या रक्तातली साखर एकदम फार खाली गेली. घाम, थरथर, बोलणं अडखळलेलं. घाबरून मी हाताला लागल्या त्या गोड गोळ्याच पाण्यात विरघळवून दिल्या. जिभेला गोड लागलं, पण त्यात साखरच नाही, मग गुण काहीच नाही. नणंदेनं तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी मला नावानं हाक मारली. इन्सुलिन घेणारे आपल्यात तिघं आहेत. डब्यावर मोठ्या अक्षरात 'साखर' लिहून ठेवा, अंधारात कुणी गोळ्यांची बाटली उचलायला नको.