माणूस आणि मानवाकृती रोबो: एका पाळीच्या कामाला कोणाला किती ऊर्जा लागते?

ऐरोलीकर

नमस्कार. महापे येथील एका गोदामाची व्यवस्था मी पाहतो. गाड्यांमधून पोती उतरवणे, थप्पी लावणे आणि मागणीप्रमाणे ती पुन्हा बाहेर काढणे हे आमचे मुख्य काम आहे. या कामासाठी मानवाकृती रोबो घेण्याचा एक प्रस्ताव मालकांकडे आला असून, रोबोला माणसापेक्षा कमी ऊर्जा लागते असे त्यात ठामपणे म्हटले आहे. ते कितपत खरे आहे हे तपासण्यासाठी मी थोडी आकडेमोड केली.

आहारातील एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ जूल आणि वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. या हिशेबाने दिवसाला २,००० किलोकॅलरी खाणारा माणूस सुमारे २.३ युनिट ऊर्जा घेतो. योगायोग असा, की टेस्लाने सप्टेंबर २०२२ मध्ये ऑप्टिमस रोबोचा नमुना दाखवला, तेव्हा त्याच्या बॅटरीची क्षमताही २.३ युनिटच सांगितली होती. बसलेल्या स्थितीत १०० वॅट आणि झपाझप चालताना ५०० वॅट, असा त्याचा वापरही तेव्हा जाहीर झाला होता. म्हणजे जी ऊर्जा माणसाला चोवीस तास पुरते, ती सतत चालणाऱ्या रोबोला साडेचार तासांच्या आसपासच पुरेल आणि आठ तासांच्या पाळीला ४ युनिट लागतील.

परंतु माणसाच्या आकड्यात त्याची झोपही आली, रोबोच्या आकड्यात मात्र केवळ काम आले. शिवाय वीज येते कोळशातून आणि अन्न येते शेतातून. मग ही तुलना नेमकी कोठून सुरू करावी आणि कोठे थांबवावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

आहारतज्ज्ञ, वाशी

नमस्कार. २,००० किलोकॅलरी हा आकडा बैठे काम करणाऱ्यांच्या जवळचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या भारतीय पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २,११०, मध्यम श्रमांसाठी २,७१० आणि जड श्रमांसाठी ३,४७० किलोकॅलरी लागतात. आमच्या एपीएमसी बाजारात दिवसभर पोती वाहणारा माथाडी कामगार या तिसऱ्या गटात मोडतो. त्याचा दिवसाचा आहार युनिटांत मांडला तर तोही ४ युनिटच भरतो. वरवर पाहता दोघे बरोबरीत आले.

पण या ४ युनिटांपैकी कामामुळे लागणारी ऊर्जा किती, हा खरा प्रश्न आहे. ३,४७० मधून २,११० वजा केले, तर उरतात १,३६० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १.६ युनिट. बाकीची ऊर्जा तो माणूस कामावर आला नाही तरी लागणारच आहे, कारण हृदय, श्वसन, शरीराचे तापमान राखणे आणि चालताबोलता व्यवहार यांवर ती खर्च होते, आणि एकटा मेंदूच त्यातून अहोरात्र सुमारे २० वॅट घेत असतो. गोदामात रोबो आला म्हणून त्या कामगाराचे जेवण वाचत नाही. तो आणि त्याचे कुटुंब जेवणारच आहे आणि जेवायलाच हवे. म्हणून रोबोची वीज ही समाजाच्या एकूण ऊर्जाखर्चात पडणारी नवी भर आहे आणि तिची तुलना कामगाराच्या संपूर्ण आहाराशी न करता या १.६ युनिटांशीच केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक बाब मात्र माणसाच्या खात्यावर मांडावी लागेल. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के ऊर्जेचे कामात रूपांतर करतात आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. मे महिन्यात तुर्भे-महाप्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हवा इतकी दमट असते, की घाम वाळत नाही. शरीर थंड होत नाही, नाडीचे ठोके वाढतात आणि कामाचा वेग उतरतो. पंखे, पिण्याचे पाणी आणि सक्तीची विश्रांती यांचा खर्च आपण धरला पाहिजे.

यंत्रशास्त्राचा अध्यापक, ठाणे पूर्व

ताईंनी हिशेबाची सीमा योग्य ठिकाणी आखली आहे. मी केवळ चालण्याविषयी लिहितो, कारण रोबोची ऊर्जा प्रामुख्याने तेथेच जाते.

चालण्याचा खर्च मोजण्याची एक सोयीची रीत आहे. खर्च झालेल्या ऊर्जेला शरीराचे वजन आणि कापलेले अंतर यांच्या गुणाकाराने भागायचे. माणसासाठी हे गुणोत्तर सुमारे ०.२ येते. होंडाच्या असिमो रोबोसाठी ते ३.२ असल्याचा अंदाज २००५ साली ‘सायन्स’ नियतकालिकातील एका शोधनिबंधात मांडला गेला, म्हणजे माणसाच्या सोळापट. त्याच निबंधात कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेल्या एका साध्या द्विपाद यंत्राचे गुणोत्तर मात्र माणसाइतकेच, ०.२ होते. त्याच विद्यापीठाच्या रेंजर या रोबोने मे २०११ मध्ये एकदाच चार्ज केलेल्या बॅटरीवर ६५ किलोमीटर अंतर कापले आणि त्यासाठी त्याला जेमतेम अर्धे युनिट लागले.

इतकी तफावत पडते, कारण असिमोचे गुडघे सतत वाकलेले असत आणि प्रत्येक सांधा क्षणोक्षणी मोटरच्या ताब्यात असे. मोटर हलत नसली, तरी भार पेलून धरण्यासाठी तिच्यातून विद्युतप्रवाह वाहतच राहतो आणि त्याची उष्णता होते. आपण चालताना मात्र पाय लंबकासारखा पुढे झुलू देतो, टेकलेला पाय सरळ ठेवून वजन हाडांवर घेतो आणि स्नायुबंधांत साठलेली ऊर्जा पुढच्या पावलाला परत मिळवतो. कॉर्नेलच्या यंत्रांनी नेमके हेच तत्त्व वापरले. पण ती सपाट जमिनीवर चालण्यापलीकडे फारसे काही करू शकत नव्हती. पोते उचलणे, पायरी चढणे, धक्का लागल्यावर सावरणे ही कामे हवी असतील, तर सांध्यांवरचा ताबा वाढवावा लागतो आणि ताबा वाढला की वीज वाढते. सध्याचे रोबो असिमोपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत, परंतु ही ओढाताण त्यांनाही चुकलेली नाही.

आपल्या गोदामापुरता आणखी एक हिशेब पाहा. ५० किलोचे पोते दीड मीटर उचलण्यासाठी लागणारे निव्वळ कार्य सुमारे ७३५ जूल आहे. अशी हजार पोती उचलली, तरी पाव युनिटसुद्धा होत नाही! उरलेली सर्व ऊर्जा स्वतःचे शरीर हलवण्यात, वाकण्यात, तोल सांभाळण्यात आणि उष्णतेत जाते, मग तो माणूस असो वा रोबो. म्हणून केवळ ऊर्जाच वाचवायची असेल, तर सरकता पट्टा आणि चाकांची बॅटरी-ट्रॉली या दोघांपेक्षाही सरस ठरतील. गुळगुळीत काँक्रीटवर चाकाला होणारा विरोध वजनाच्या एक-दोन टक्क्यांइतकाच असतो.

निवृत्त वीज अभियंता, नौपाडा

ऊर्जेचा उगम कोठे, या आपल्या प्रश्नाकडे वळतो.

रोबोच्या बॅटरीतून ४ युनिट मिळायला हवे असतील, तर चार्जर, बॅटरी आणि वाहिन्यांमधील गळती धरून वीजकेंद्रातून सव्वापाच युनिटांच्या आसपास वीज निघावी लागते. कोळशाच्या केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली, तर त्यासाठी कोळशातली सुमारे १५ युनिट उष्णता, म्हणजे ढोबळमानाने तीन किलो कोळसा लागतो.

अन्नाच्या मागेही असाच खर्च दडलेला आहे. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. चौघांच्या कुटुंबाला तो महिनाभर पुरला, तर माणशी रोजचे दीड युनिट केवळ शिजवण्यातच जाते. नैसर्गिक वायूपासून बनणारा युरिया, पंपाची वीज आणि मालवाहतुकीचे डिझेल हे सारे त्याखेरीज आहे.

आता जमिनीचा विचार करू. एक किलोवॉटची सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी साधारण ४ युनिट देतात आणि त्यांना पाच-सहा चौरस मीटर जागा पुरते. याउलट एका माणसाच्या रोजच्या २,७१० किलोकॅलरी केवळ भातातून मिळवायच्या ठरवल्या आणि हेक्टरी २ टन तांदूळ धरला, तर सुमारे १४ गुंठे शेत लागते. कारण सौर पॅनेल सूर्यप्रकाशाच्या २० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पकडते, तर पिकांना एक टक्का साधणेही अवघड जाते. सूर्यापासून मोजणी सुरू केली, तर रोबो नक्कीच पुढे आहे, आणि प्रस्ताव देणाऱ्यांचे म्हणणे याच एका अर्थाने खरे मानता येईल. तरीसुद्धा ताईंचा मुद्दा अबाधित राहतो. रोबो आणल्याने ते १४ गुंठे मोकळे होत नाहीत.

साठवणुकीत मात्र शरीराची बरोबरी अजून कोणत्याही यंत्राला साधलेली नाही. एक किलो स्निग्ध पदार्थात सुमारे १० युनिट ऊर्जा असते, तर लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे पाव युनिटच्या आसपास. त्यामुळे रोबोला पाळीच्या मध्येच बॅटरी बदलावी किंवा चार्ज करावी लागते आणि त्या वेळेत काम चालू ठेवायचे, तर जादा बॅटऱ्या किंवा जादा रोबो घ्यावे लागतात. प्रस्तावात त्यांची संख्या दिली आहे का, हे अवश्य पाहावे.

ऐरोलीकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आता मालकांना असे सुचवणार आहे, की विक्रेत्याकडून बॅटरीची क्षमता विचारण्याऐवजी हजार पोत्यांमागे चार्जरच्या प्लगवर मोजलेली युनिटे मागावीत आणि तीच मोजणी बॅटरी-ट्रॉली वापरणाऱ्या आमच्या कामगारांच्या बाबतीतही करावी. माणसाच्या बाजूला ट्रॉलीची वीज, पंखे आणि श्रमांमुळे वाढलेला आहार धरेन. आणखी काही राहते आहे का?

यंत्रशास्त्राचा अध्यापक, ठाणे पूर्व

मोजणी पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सलग करावी. ठाणे-बेलापूर मार्गावर गाड्या अडकल्या की गोदामात तास-दोन तास रिकामे जातात. त्या वेळात कामगार थप्पीला टेकून बसतो आणि त्याचा खर्च विश्रांतीच्या पातळीवर, सुमारे ७५ ते १०० वॅटपर्यंत उतरतो. रोबो मात्र उभा ठेवला, तर तोल सांभाळणाऱ्या मोटरी, कॅमेरे आणि संगणक वीज घेतच राहतात. त्याला बसवून मोटरी पूर्ण बंद करता येतात का आणि गाडी आल्यावर तो किती वेळात पुन्हा कामाला लागतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि प्रतीक्षेतील युनिटे वेगळ्या रकान्यात नोंदवावीत.